नऊ तास सहा मिनिटं

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छापखान्याच्या वरच्या गाळ्यात लालवाणी शेठांची कंपनी होती. कंपनी म्हणायचं ते आपलं दारावर पाटी होती म्हणून. एरवी सहा माणसं, चार टेबलं आणि खालून जिन्यावर चढणारा शाईचा वास, एवढाच सगळा कारभार. शेठ रोज उल्हासनगरहून स्कूटरवर यायचे. परदेशात मोडीत निघालेली ग्राफिक टर्मिनलं लॉटने आणायची, ती दुरुस्त करायची, त्यांत आपला प्रोग्राम घालायचा आणि आसपासच्या केमिकल कारखान्यांत बसवायची, असा त्यांचा धंदा होता आणि २००३-०४ साली तो बरा चालला होता.

टर्मिनल म्हणजे जाड काचेचा हिरवा पडदा आणि त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा प्रोसेसर. भट्टीचं तापमान, वाफेचा दाब, वेळ, सगळं त्याच्यावर रेघ काढून दिसायचं. पण खुद्द टर्मिनलवर बसून प्रोग्राम लिहायची सोय नव्हती. तो लिहायचा पीसीवर, सी भाषेत. मग क्रॉस-कंपायलर चालवायचा. हा राहतो पीसीवर आणि काम करतो टर्मिनलसाठी, म्हणजे घरजावयाच्या उलटं. तो प्रोग्रामचं रूपांतर टर्मिनलच्या प्रोसेसरला कळेल अशा भाषेत करायचा, लिंकर सगळे तुकडे जोडायचा आणि मग सीरियल केबल लावून ते सारं टर्मिनलमध्ये उतरवायचं. उतरायला अकरा मिनिटं लागायची. तेवढ्यात चहा व्हायचा.

ही सगळी विद्या कंपनीत एकाच माणसाला पूर्ण येत होती, ते म्हणजे दिनानाथ. पन्नाशी उलटलेले, जाड भिंगाचे, बोलायला तुसडे. यशोधरा त्यांच्या हाताखाली लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगितलं, "पीसीवर चाललं म्हणजे काहीच चाललं नाही. टर्मिनलवर घाल, पूर्ण एक दिवस आणि एक रात्र चालू ठेव, मग माझ्याकडे ये." नवा प्रोग्राम चोवीस तास टर्मिनलवर चालल्याशिवाय दिनानाथ तो गाळ्याबाहेर जाऊ देत नसत. शेठ घाई करायचे, गिऱ्हाइकं फोन करायची, पण हे आपले ढिम्म बसून राहायचे.

यशोधराला त्यांची भीती वाटायची आणि त्यांच्यासारखं व्हावंसंही वाटायचं. तिचे वडील भीमराव ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते, येत्या मे महिन्यात रिटायर होणार होते. क्वार्टर सोडावं लागणार होतं म्हणून बदलापूरला मांजर्लीत छोटी जागा घेतली होती. घरातली पहिली इंजिनिअर ती. बाप कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेला तरी पोरीचा विषय काढल्याशिवाय परतत नसे.

त्या जानेवारीत दिनानाथांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ते सहा आठवडे रजेवर गेले. नेमकी तेव्हाच जवळच्या एका रंगाच्या कारखान्याची ऑर्डर आली. कपड्यांच्या रंगासाठी लागणारं केमिकल ते लोक मोठ्या व्हेसलमध्ये, म्हणजे वाफेवर तापणाऱ्या टाकीत, शिजवायचे. त्यांना नवीन काही हवं होतं. माल ठरलेल्या तापमानावर ठरलेला वेळ राहिला, की टर्मिनलनेच घंटी द्यायची. घंटी देणारा भाग दिनानाथांनी पूर्वी कधीतरी लिहून ठेवलेला होताच. सेकंद मोजणारा आणि रेघ पुढे सरकवणारा भाग यशोधराने लिहिला. पहिल्यांदाच एकटीने लिहिला आणि सुरेख लिहिला.

फक्त टर्मिनल एकच होतं आणि ते खोक्यात भरायला घेतलं होतं. शेठांनी गिऱ्हाइकाला शनिवारचा शब्द दिला होता. मग या बाईने काय केलं, तर तोच प्रोग्राम पीसीच्या नेहमीच्या कंपायलरने बनवला आणि पीसीवरच दोन दिवस चालवला. रेघ झकास सरकत होती, घंटी वेळेवर वाजत होती. टर्मिनलवर उतरवून सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाहिलं, तिथेही काही खोट नव्हती. पीसीवरचे दोन दिवस आणि टर्मिनलवरची एक सकाळ मिळून दिनानाथांचे चोवीस तास होतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली. शनिवारी टर्मिनल टेम्पोत चढलं.

कारखान्यात ते बसवायला तिला आठ दिवस जावं लागलं आणि तिथे तिची रघुशी ओळख झाली. रघु त्या व्हेसलवरचा ऑपरेटर. बदलापूर पूर्वेच्या शिरगावातला, शेतकऱ्याघरचा, तिशीचा गडी. शिक्षण बेताचं, पण कामात वस्ताद. काचेच्या कांडीने मालाचा एक थेंब कागदावर टाकायचा आणि त्याच्याभोवती पसरणाऱ्या ओल्या कड्याकडे बघून सांगायचा, "अजून दहा मिनटं." दहा मिनिटांनी लॅबवाला येऊन तेच सांगायचा. यशोधराला त्याने न विचारता सगळं दाखवलं. वाफेची चावी कुठे, दाब कुठे वाचायचा, माल जास्त शिजला की कसा वास येतो, सगळं. पहिले दोन दिवस तिला मॅडम म्हणत होता, तिसऱ्या दिवसापासून ताई म्हणायला लागला.

सहा वर्षं तो टेम्पररी होता. त्या मार्चमध्ये तीन माणसं कायम होणार होती आणि यादीत त्याचं नाव पहिलं होतं. बोलता बोलता त्याने हेही सांगितलं, की नोकरीचं खरं वेड त्याच्या बापाला आहे. त्याचा बाप जनू गावात पिकाच्या राखणीसाठी नावाजलेला. उभ्या आयुष्यात शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, डोळा लागला नाही, असं सांगायचा आणि ते खोटं नव्हतं. "म्हणतो, तू परमनंट झालास की मी माळ्यावरून उतरलो," रघु हसत म्हणाला.

काम संपवताना यशोधराने चालवणाऱ्यांसाठी सूचनांचा कागद टाइप करून भिंतीवर चिकटवला. त्यात चौथी सूचना अशी होती: घंटी झाल्याशिवाय वाफ बंद करू नये. रघुने ती दोनदा वाचली आणि विचारलं, "आणि वासावरून कळलं तर?"

"तरी नाही," यशोधरा म्हणाली. "मशीन सेकंद मोजतंय. वास सेकंद मोजतो का?"

सगळे हसले, रघुही हसला. तिला आपलं उत्तर फार आवडलं होतं.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग फेब्रुवारीतल्या एका सोमवारी शेठांना फोन आला. व्हेसलमधला अख्खा माल जळून डांबर झाला होता, ऑपरेटर झोपला होता असं म्हणतात, पण तो टर्मिनलवर ढकलतोय, तुमचं माणूस पाठवा. यशोधरा रिक्षा करून गेली.

सुपरवायझरच्या केबिनबाहेर रघु उभा होता. अंगावर कालचेच कपडे. तिला बघताच त्याचा चेहरा उजळला, आपलं माणूस आल्यासारखा.

"ताई, तुम्हीच सांगा यांना," तो म्हणाला. "काल दुसऱ्या पाळीचा शंकर आला नाही, त्याच्या बायकोला दवाखान्यात नेलेली. म्हणून मी सकाळी सातच्या पाळीवर त्याचीही पाळी केली, डबल. पावणेचारला माल टेम्परेचरला आला, मी बटण दाबलं. चाळीस मिनटांची घंटी. मध्येच ती रेघ फट्कन डावीकडे गेली आणि गायब झाली. वेळेचा आकडा वजा दाखवत होता. आईशप्पथ, वजा. मी घंटीची वाट बघत राहिलो. वास आला होता मला. पण कागदावर लिहिलंय ना, घंटीशिवाय बंद करायचं नाही."

"मग मी गेलो तेव्हा पडदा नीट कसा होता?" सुपरवायझर आतून ओरडला.

"साहेब, तुम्ही आल्या आल्या तो बंद करून चालू केलात."

"हां, म्हणजे माझंच चुकलं!"

यशोधराने तासभर टर्मिनल तपासलं. तीन वेळा चाळीस मिनिटांऐवजी पाच मिनिटांची घंटी लावली. तिन्ही वेळा ती बरोब्बर वाजली. रेघ उजवीकडेच जात होती. वजा आकडा कुठून येणार? सेकंद काय उलटे धावतात? सुपरवायझरने छापील फॉर्म पुढे केला आणि तिने त्यावर लिहिलं, "टर्मिनल तपासले. दोष आढळला नाही." खाली सही केली. त्या क्षणी तिने जे लिहिलं ते तिला खरंच वाटत होतं, एवढं तिच्या बाजूने म्हणता येईल. यापुढे तिच्या बाजूने म्हणण्यासारखं काही नाही.

बाहेर पडताना रघु तिच्याकडे बघत होता. ती म्हणाली, "मला तर नीटच दिसतंय." त्याने मान हलवली. वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, कारखान्याने त्याच्याकडून लिहून घेतलं की ड्यूटीवर असताना माझा डोळा लागला, माफी असावी. लिहून दिलंस तर सांभाळून घेऊ, असं त्याला सांगितलं होतं. बुधवारी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. टेम्पररी माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

गुरुवारी यशोधरा त्याच कारखान्यात शेजारच्या व्हेसलचं माप घ्यायला गेली होती. दुपारचे तीन वाजले, पाळी बदलली. शंकर आत आला. त्याने पहिल्या पाळीच्या माणसाकडून वही घेतली, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत टर्मिनलचं बटण बंद केलं. खिशातून फडकं काढून काच पुसली, दोन्ही हात जोडले, आणि पुन्हा चालू केलं.

"बंद का केलंत?" तिने विचारलं.

"चार्ज घेतला ना मॅडम," शंकर म्हणाला. "आपल्या हाताने चालू करून घेतलेलं बरं असतं. सगळेच करतात. मोटर असो, पंप असो."

"प्रत्येक पाळीला?"

"दर पाळीला. सात, तीन, अकरा."

ती तिथेच उभी राहिली. हातातली टेप आपोआप सर्रकन गुंडाळली गेली. रविवारी पाळी बदललीच नव्हती. शंकर आला नव्हता. रघुच पुढे राहिला होता, आणि माणूस स्वतःच स्वतःकडून चार्ज कसा घेणार? म्हणून त्या दिवशी, पहिल्यांदाच, टर्मिनल आठ तासांपलीकडे न थांबता चाललं होतं.

गाळ्यावर येईपर्यंत तिला उत्तर माहीत होतं, तरी तिने कागदावर मांडून पाहिलं. पीसीवरचा कंपायलर साध्या पूर्णांकाला चार बाईटची जागा देतो. त्यात सेकंद कितीही वर्षं मोजा. टर्मिनलचा क्रॉस-कंपायलर त्याच शब्दाला दोनच बाईट देतो. त्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत मोजता येतं, आणि पुढचा एक सेकंद पडला की आकडा उलटून थेट वजा होतो. बत्तीस हजार सातशे सदुसष्ट सेकंद म्हणजे नऊ तास, सहा मिनिटं, सात सेकंद. सकाळी सातला चालू केलेलं टर्मिनल चार वाजून सहा मिनिटांनी उलटलं होतं. दिनानाथांनी घंटीची वेळ मोठ्या जागेत ठेवली होती, त्यांना हे पाठच होतं. त्यांची घंटी आपल्या हिशेबाने बरोबर वाट बघत बसली होती, आणि यशोधराचे सेकंद तिथवर कधीच पोचणार नव्हते.

रघु म्हणाला होता ते अक्षर न अक्षर खरं होतं. रेघ डावीकडे गेली होती. आकडा वजा झाला होता. दिनानाथांच्या सांगण्याप्रमाणे एक दिवस आणि एक रात्र ते टर्मिनल गाळ्यात चालू ठेवलं असतं, तर हे त्याच टेबलावर, चहा पिता पिता तिला दिसलं असतं.

तिने शेठांना सगळं सांगितलं. रडत सांगितलं. शेठ वाईट माणूस नव्हते, हीच पंचाईत होती. वाईट असते तर ती कदाचित भांडली असती. त्यांनी तिला पाणी दिलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "देख बेटा, गलती कोणाकडून नाही होत? आता तू सांगितलंस तर काय होईल? त्यांचा माल गेला तो वापस येणार नाय. आपली पुढची नऊ टर्मिनलची ऑर्डर जाईल. दिनानाथ रजेवर असताना मी माल सोडला, हे पण निघेल. आणि तुझा पहिलाच प्रोग्राम. कुठे जाशील इथून? अंबरनाथमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. तू असं कर, ठीक करून टाक. पुढच्या हप्त्यात जाऊन लोड कर. बोल, नवीन व्हर्शन आहे."

"आणि तो माणूस?"

"जवान आहे. मेहनती आहे. त्याला दुसरीकडे लागेल. साईं सबका भला करेगा."

आता खरं सांगायचं तर, हे ऐकून तिला बरं वाटलं. पुढे कितीतरी वर्षं तिला शेठांचा नाही, त्या बरं वाटण्याचाच राग येत राहिला. तिने एका ओळीत एक शब्द बदलला. क्रॉस-कंपायलर चालवला, लिंकर चालवला, केबल लावली. या वेळी तो आधी गाळ्यातल्या दुसऱ्या टर्मिनलवर दोन दिवस आणि दोन रात्री चालू ठेवला, मगच कारखान्यात उतरवला.

रविवारी घरी नेहमीप्रमाणे वंदना झाली. भीमराव पंचशील म्हणायचे आणि मागून सगळे म्हणायचे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते आलं तेव्हा यशोधराने नुसते ओठ हलवले. भीमरावांचे डोळे मिटलेले होते, त्यांना कळलं नाही.

दिनानाथ रजेवरून आले तेव्हा नवा चष्मा नाकावर घेऊन त्यांनी तिचा प्रोग्राम पहिल्या पानापासून वाचला. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हा सेकंदांचा आकडा मोठ्या जागेत घेतलायस. पहिल्यापासून असाच होता ना?"

"हो सर."

"शाबास," दिनानाथ म्हणाले. तीन वर्षांत त्यांनी ही एवढी एकच शाबासकी दिली.

रघुकडे जावं असं तिला अनेकदा वाटलं. शिरगाव काही विलायतेत नव्हतं. मांजर्लीला राहायला आल्यावर तर स्टेशनाची एक बाजू आणि दुसरी बाजू, एवढंच अंतर. पण आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पावसाळा आला, बाबा रिटायर झाले, पुढच्या वर्षी नदीचं पाणी घरात शिरलं त्यात सगळं विसरायला एक निमित्त मिळालं. मग तिने ती नोकरी सोडली आणि ऐरोलीला मोठ्या कंपनीत लागली. मनाशी तिने एकच गोष्ट धरून ठेवली होती. जगाने काही म्हणो, निदान रघुला तर माहीत आहे की तो झोपला नव्हता. माणसाचं स्वतःचं मन स्वच्छ असलं की पुष्कळ झालं. असलं काहीबाही ती स्वतःला सांगायची, आणि त्यावर तिला झोप लागायची.

२००८ च्या एप्रिलमध्ये बदलापूरच्या बाजारात तिला शंकर भेटला. जांभळांच्या पाट्या नुकत्या यायला लागल्या होत्या. त्यानेच ओळखलं, त्यानेच हाक मारली. कारखान्याच्या गप्पा झाल्या. टर्मिनलं जाऊन आता कॉम्प्युटर आलेत म्हणाला. मग तिने धीर करून रघुचं विचारलं.

"रिक्षा चालवतो. शिरगाव नाक्यावर असतो," शंकर म्हणाला. "चांगलं चाललंय तसं. फक्त तो विषय निघाला की अजून स्वतःवरच हसतो. म्हणतो, माझाच डोळा लागला होता रे, आणि स्वप्नात रेघ उलटी गेलेली बघितली."

यशोधराने हातातली पिशवी खाली ठेवली. "असं तो स्वतः म्हणतो?"

"मग! सुरवातीला नाही म्हणायचा. पण घरच्यांनी, सायबांनी, आम्ही पण, सगळ्यांनीच सांगितलं. शेवटी मशीन काय खोटं बोलणार आहे?"

ती घरी गेली नाही. पूल ओलांडून पूर्वेला आली आणि शिरगाव नाक्यावर रिक्षांच्या रांगेत तिला रघु दिसला. कानाजवळ केस पांढरे झाले होते. तिला बघून तो लगेच खाली उतरला, "ताई! तुम्ही?" म्हणाला. जणू तिने त्याच्या हाताला काम लावून दिलं होतं.

"रघुदादा, तुम्ही झोपला नव्हतात," ती म्हणाली. काय बोलायचं ते तिने वाटेत जमवलं होतं, ते सगळं विसरली. "रेघ खरंच उलटी गेली होती. प्रोग्रामात चूक होती. माझी चूक होती."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. तिने नऊ तासांचं सांगितलं, पाळी बदलताना टर्मिनल बंद करायच्या सवयीचं सांगितलं, डबल पाळीचं सांगितलं. तो हळूहळू रिक्षाच्या मागच्या सीटवर बसला.

"म्हणजे वजा आकडा खरा होता?"

"खरा होता."

"मी जागा होतो?"

"तुम्ही जागे होतात."

तो दोन्ही तळव्यांनी तोंड पुसत राहिला. मग एकदम उठला. "घरी चला. आईसमोर सांगा. मी सांगून उपयोग नाही, तुम्ही सांगा." त्याच्या आवाजात एवढा आनंद होता की यशोधराला त्याच्याकडे बघवेना. रागाची तयारी करून आलेल्या माणसाला आनंद सोसत नाही.

घर जुनंच होतं, पण तीन बाजूंनी इमारती उठल्या होत्या. रघुची आई बनूबाई ओटीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. रघुने ओटीवर चढायच्या आतच हाक मारली, "आई, ही अंबरनाथच्या कंपनीतली ताई. काय म्हणते ऐक. मी निजलो नव्हतो!"

यशोधराने पुन्हा सगळं सांगितलं. सेकंद, बाईट गाळून, साध्या शब्दांत. मशीन बिघडलेलं होतं, ते मी बनवलं होतं, तुमचा मुलगा जागा होता, त्याने सांगितलेलं सगळं खरं होतं. बनूबाई सूप मांडीवर ठेवून ऐकत होती. मग तिने रघुचा हात धरून त्याला जवळ बसवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, लहान पोराच्या फिरवावा तसा.

"याच्या बापसाने याच्या हातचं पानी घेतलं नाय गो," ती यशोधराला म्हणाली. "अकरा महिने. म्हनायचा, मी जल्मभर राखन केली, आन माझ्या पोटचा कामावर निजला. गावात तोंड दाखवत नवता. शेवटाला आजारी पडला तरी मीच पाजायची पानी. हा दाराशी उभा असायचा."

"जाऊ दे ना आई," रघु म्हणाला. तो अजून हसत होता, डोळे मात्र भरले होते. "आता कळलं ना. ताईंनी शोधून काढलं. एवढ्या वर्षांनी कोण एवढं करतं? बाबा असते तर..."

एवढ्या वर्षांनी. म्हणजे त्यांना वाटत होतं की चूक आत्ता सापडली. यशोधराच्या लक्षात आलं की आपण सगळं सांगितलं, फक्त एक गोष्ट सांगितली नाही, आणि ती न सांगता उठलं तर हे दोघे आपल्याला रस्त्यापर्यंत पोचवायला येतील. आयुष्यभर आपलं नाव काढतील. गप्प बसणं किती सोपं होतं! आधी जमलं होतंच की.

बनूबाईने पदराने डोळे पुसले. "बरी आलीस गो बाय," ती म्हणाली. "कवा गावली तुला ही चूक?"

यशोधराने रघुकडे बघायचं टाळलं.

"चौथ्या दिवशी," ती म्हणाली. "माल जळला त्याच्या चौथ्या दिवशी. यांना काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी कोणाला सांगितलं नाही."

रघुच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं थोडा वेळ, काय करावं हे न कळल्यासारखं. पाठीवर फिरणारा हात थांबला. बनूबाई बोटांवर काहीतरी मोजत होती. महिने मोजत होती. मग तिने मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती नुसती खात्री करून घेत होती.

"तवा तर याचा बापूस जिता व्हता," ती म्हणाली.